वर्डमधून स्क्रायबसकडे: पहिला छापील अंक लावताना

आमच्या वाचनालयाचा पहिला वार्षिक अंक मी सगळाच्या सगळा वर्डमध्ये केला होता. घरच्या संगणकावर तो छान दिसत होता. छापखान्यातल्या संगणकावर आम्ही वापरलेला फॉन्ट नव्हता. तिथे फाइल उघडली तशा ओळी वाढल्या, एक फोटो खालच्या पानावर सरकला आणि एका ज्येष्ठ कवयित्रीच्या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर, जाहिरातीच्या डोक्यावर जाऊन बसल्या. प्रकाशनाची तारीख तोंडावर आली होती, प्रूफ कुणी पाहिलं नाही, आणि सगळ्या प्रती तशाच छापून आल्या. कार्यक्रमात आजींनी आपलं पान काढलं, कविता मनातल्या मनात वाचली, खाली पोचल्यावर थांबल्या आणि मग पान उलटून पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षीपासून मी अंक स्क्रायबस या पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावते. मंडळाची स्मरणिका, शाळेचा वार्षिकांक, घरच्या घरी काढलेला कवितासंग्रह किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक, असं काही पहिल्यांदाच अंगावर घेतलेल्या आणि आजवर फक्त वर्ड वापरलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे.

एक शंका लगेच येईल, तिचं उत्तर आधी देते. वर्डमधूनच पीडीएफ काढून दिली असती तर त्या दोन ओळी वाचल्या असत्या. खरं आहे. चार पानांचं पत्रक, संस्थेचा अहवाल किंवा चित्रं नसलेली सलग कादंबरी असेल तर वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर पुरतो. पण पानावर फोटो, चौकटी, जाहिराती आणि दोन-तीन वेगवेगळे मजकूर एकत्र आले, कागदाच्या कडेपर्यंत रंग न्यायचा असला, किंवा चार रंगांत छपाई असली, की वर्डशी झटापट सुरू होते. एक फोटो हलवला की खालचं सगळं हलतं. शिवाय वर्डच्या पीडीएफमधला काळा रंग पडद्यासाठीचा असतो. छपाईत तोच काळा बऱ्याचदा चार शाईंनी मिळून उमटतो आणि बारीक अक्षरांच्या कडा रंगीत, धूसर दिसतात.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, यावर फार वेळ घालवू नका. इनडिझाइन उत्तम आहे, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. पेजमेकर अजूनही गावोगावच्या छापखान्यांत दिसतो, पण त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे आणि त्याला युनिकोड (आज मोबाइल-संगणकावर मराठी ज्या पद्धतीने साठवली जाते ती) समजत नाही, म्हणून आज नव्याने शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. स्क्रायबस फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. घेताना आवृत्ती मात्र १.६ किंवा तिच्या पुढचीच घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, वेलांट्या भलतीकडे पडतात. हा दोष १.५ च्या मालिकेत दूर झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेली १.६ ही त्यानंतरची स्थिर आवृत्ती. स्क्रायबसमध्ये मराठी येत नाही, असं कुणी ठामपणे सांगितलं तर त्यांनी जुनी आवृत्ती पाहिलेली असते.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवून डमी करा

स्क्रायबस उघडून कोऱ्या पानावर टिचकी मारलीत आणि टाइप करू लागलात तर काहीच उमटत नाही. वर्डमधून आलेला प्रत्येक जण इथे अडतो. वर्डमध्ये मजकूर आधी असतो आणि पानं त्याच्या मागून येतात; लिहीत जाल तशी ती वाढतात. इथे पान आधी ठरतं. पानावर चौकट आखायची आणि मग त्या चौकटीत मजकूर किंवा फोटो ठेवायचा. म्हणून कोणत्या पानावर काय येणार, हे माहीत असल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडून उपयोग नाही.

आमचा अंक ए५ आकाराचा, म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटरचा असतो. आतली २८ पानं आणि मुखपृष्ठाची ४. सात ए४ कागद घ्या, मधोमध दुमडून एकात एक घाला. २८ पानांची वही तयार झाली. हीच डमी. पेन्सिलीने प्रत्येक पानावर क्रमांक टाका आणि काय येणार ते लिहा: संपादकीय, अनुक्रमणिका, लेख, कविता, जाहिरात. पिन मारून बांधायच्या अंकात पानांची संख्या चारच्या पटीत असावीच लागते. एक कागद दुमडला की चार पानं होतात, तिथे २९ वं पान एकटं राहू शकत नाही.

डमी हातात असली की काही गोष्टी न सांगता कळतात. विषम पान नेहमी उजवीकडे येतं. दोन पानांचा लेख ६ आणि ७ वर घेतला तर वाचकाला तो एका नजरेत दिसतो, ७ आणि ८ वर घेतला तर पान उलटावं लागतं. १४ आणि १५ ही मधली जोडपानं एकाच कागदावर असतात, त्यामुळे मोठा समूहफोटो तिथे छान बसतो. कविता शक्यतो एका पानावर एकच घ्या आणि ती त्या पानावरच संपेल हे पाहा.

डमी घेऊन छापखान्यात जा. कापल्यानंतरचा आकार किती, ब्लीड (कडेबाहेर न्यायचा, नंतर कापला जाणारा जादा भाग) किती सोडायचं, आतली पानं एकरंगी की चाररंगी, बांधणी पिनेची की चिकटवलेली, फाइल कोणत्या प्रकारची पीडीएफ हवी, आणि छापायच्या आधी प्रूफ दाखवणार ना, हे विचारा. उत्तरं डमीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

दुसरी पायरी: मजकूर वर्डमध्येच धुऊन-पुसून घ्या

वर्ड सोडायचा नाही. त्याच्याकडून फक्त लिहिण्याचं आणि तपासण्याचं काम घ्यायचं, मांडणीचं नाही. माझ्या मते नवख्या माणसाचे निम्म्याहून जास्त हाल इथे वाचतात, आणि नेमकी हीच पायरी लोक घाईने उरकतात.

पहिला प्रश्न फॉन्टचा. तुमच्याकडे येणारे काही लेख युनिकोडमध्ये असतील, काही श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर निवडा आणि त्याला मंगल किंवा निर्मला हा फॉन्ट लावा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड, रोमन अक्षरांची खिचडी झाली तर जुना फॉन्ट. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचा नुसता आकार बसवलेला असतो. संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच.

असा मजकूर परिवर्तकातून, म्हणजे जुना फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये आणता येतो, पण आणल्यावर तो अक्षर न् अक्षर वाचावाच लागतो. चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टांत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. परिवर्तकाला ही अदलाबदल करावी लागते आणि ‘स्थिती’, ‘वार्षिक’, ‘निर्मिती’ अशा शब्दांत जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की तो चुकू शकतो. अर्ध्या र कडेही लक्ष ठेवा. ‘आचार्यांना बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’ यांत एक गुरुजी आहेत आणि दुसरे स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात, म्हणून इथे माणसाचाच डोळा हवा.

मग झाडलोट. ओळीच्या सुरुवातीला मारलेले पाच-सहा स्पेस काढा. दोन परिच्छेदांमधले रिकामे एंटर काढा; ते अंतर पुढे स्टाइल, म्हणजे अक्षराचा आकार आणि अंतरं एकदाच ठरवून ठेवलेला नमुना, देणार आहे. दोन शब्दांमधली दुहेरी जागा ‘फाइंड अँड रिप्लेस’ने एकेरी करा आणि ‘सापडलं नाही’ असं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवा. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाच्या जागी कोलन टाइप झालेला असतो, तो शोधा. आकडे देवनागरी की इंग्रजी, ते ठरवून सगळीकडे सारखे करा. स्वल्पविरामाच्या आधी जागा नको, नंतर हवी.

मुद्रितशोधनही इथेच पूर्ण करा. लेखकाला दाखवायचं असेल तर याच टप्प्यावर दाखवा. मांडणी झाल्यावर कुणी एक परिच्छेद वाढवला की चार पानं हलतात आणि तुमची रात्र जाते. मी आता लेखकांना सरळ सांगते, अमुक तारखेनंतर काना-मात्रा बदलेल, वाक्य बदलणार नाही.

प्रत्येक लेख वेगळ्या फाइलमध्ये ओडीटी (वर्डच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये मिळणारा एक फाइल प्रकार) म्हणून साठवा. साधा मजकूर म्हणून साठवायचा असेल तर एन्कोडिंग विचारताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. फाइलच्या नावात डमीवरचं पान घाला: ‘०६-विहिरीचा-लेख’. सगळ्या फाइली एका फोल्डरात ठेवा. त्यातच ‘मजकूर’, ‘फोटो’, ‘फॉन्ट’ आणि ‘पीडीएफ’ असे चार पोटफोल्डर करा आणि काम संपेपर्यंत ते जागचे हलवू नका. कारण पुढे येतंच.

तिसरी पायरी: पान आखा

फाइल मेन्यूतून न्यू घ्या. एकक मिलिमीटर, आकार ए५, मांडणी ‘डबल साइडेड’, पहिलं पान उजवीकडे, पानं २८. ‘ऑटोमॅटिक टेक्स्ट फ्रेम्स’ची खूण काढून टाका, ती सलग पुस्तकाला बरी, अंकाला नाही. समास आम्ही आतून १८, बाहेरून १४, वरून १५ आणि खालून १८ मिलिमीटर ठेवतो. पिनेच्या बाजूला कागद थोडा आत ओढला जातो, म्हणून आतला समास मोठा. ब्लीड ३ मिलिमीटर, छापखान्याने वेगळं सांगितलं नसेल तर. मुखपृष्ठाची फाइल वेगळी करा, कारण त्याचा कागद आणि रंग वेगळे असतात.

ब्लीड म्हणजे काय, हे सुरुवातीला नीट कळत नाही. छापून झाल्यावर गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो आणि पातं अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. रंग किंवा फोटो कागदाच्या कडेला नेमका थांबवला असेल तर तिथे पांढरी रेघ राहते. म्हणून तो कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर न्यायचा. जादा भाग कापून जातो. तसंच अक्षरं कडेच्या फार जवळ ठेवू नका, तीही कापली जातील.

आता मास्टर पेज. प्रत्येक पानावर येणारं अंकाचं नाव, वर्ष आणि पृष्ठांक मास्टरवर एकदाच ठेवायचे, डाव्या पानाचा एक आणि उजव्याचा एक. पृष्ठांकाचं चिन्ह इन्सर्ट मेन्यूतून मिळतं. त्याचा आकडा सहसा इंग्रजी अंकांत उमटतो. आम्हांला देवनागरी आकडे हवे असतात, म्हणून अंक पक्का झाल्यावर शेवटच्या दिवशी ते हाताने टाकतो. २८ पानांना वीस मिनिटं लागतात.

चौथी पायरी: स्टाइल बनवा, मगच मजकूर आणा

वर्डमध्ये शब्द निवडून बी दाबला की तो ठळक होतो. स्क्रायबसमध्ये असं बटण शोधाल तर मिळणार नाही. वर्ड गरज पडली तर अक्षर स्वतःच फुगवून किंवा तिरकं करून दाखवतो. स्क्रायबस तसं करत नाही, त्या फॉन्टचा खरा ठळक साचा संगणकावर असेल तरच तो वापरतो. छपाईच्या दृष्टीने हेच योग्य आहे. बऱ्याच देवनागरी फॉन्टांना तिरका साचा नसतोच, तेव्हा तिरप्या अक्षरांऐवजी अवतरणचिन्हं किंवा ठळक साचा वापरायची सवय लावून घ्या.

फॉन्ट दोनच निवडा, एक मजकुराला आणि एक मथळ्यांना. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका आणि एक टाइपचा मुक्त हे दोन्ही विनामूल्य आहेत. शोभिका मजकुराला, मुक्त मथळ्यांना आणि फोटोओळींना, अशी जोडी चांगली जमते. कोणताही फॉन्ट ठरवण्याआधी त्यात ‘लाल शाल’ टाइप करून पाहा. मराठीच्या सवयीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो का? काही फॉन्टांत मूळ वळण हिंदीचं असतं आणि मराठी वळण मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावरच दिसतं. नवा फॉन्ट बसवल्यावर स्क्रायबस बंद करून पुन्हा उघडावं लागतं, तोवर तो यादीत येत नाही.

मग एफ४ दाबून स्टाइलची खिडकी उघडा आणि पॅराग्राफ स्टाइल बनवा. नावं मराठीतच द्या: मथळा, लेखक, पहिला परिच्छेद, मजकूर, कविता, फोटोओळ, चौकट. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, परिच्छेदाची सुरुवात आत घ्यायची की नाही, मथळ्याखाली किती जागा, सगळं इथेच ठरवा. एखादा लेख पानात दोन ओळींनी मावत नाही म्हणून त्याच लेखाचा आकार हाताने कमी करू नका. ‘मजकूर’ स्टाइल बदला, अख्खा अंक एकसारखा बदलेल. नाहीतर लेखातला मजकूर कमी करा.

देवनागरीसाठी तीन गोष्टी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाहीत.

ओळींमधलं अंतर मोकळं ठेवा. आपल्या ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, रकार, उभी जोडाक्षरं. वरच्या ओळीत ‘टट्टू’सारखं खाली लोंबणारं अक्षर आणि त्याच्याच खाली ‘वर्षीं’सारखं वर चढलेलं अक्षर आलं की दोघांची टक्कर होते. ११ पॉइंटच्या मजकुराला आम्ही १६ पॉइंट अंतर देतो. ते ‘फिक्स्ड’ ठेवायचं, ‘ऑटोमॅटिक’ नाही, म्हणजे डाव्या-उजव्या पानांच्या ओळी समोरासमोर येतात. वर सांगितलेल्या समासांत अशा ३१ ओळी बसतात.

दुसरी गोष्ट ट्रॅकिंगची, म्हणजे अक्षरांमधली जागा कमी-जास्त करण्याची. इंग्रजी मथळा पसरवायला ती वापरतात. मराठीत वापरलीत की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांसारखा दिसतो. एकदा मुद्दाम करून पाहा: ‘वाचनालय’ या शब्दाला थोडं ट्रॅकिंग द्या आणि मोठं करून बघा, प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषेत खाच पडलेली दिसेल. मराठीत ट्रॅकिंग शून्यच असावं. मथळा रुंद हवा असेल तर अक्षर मोठं करा.

तिसरी, दोन्ही कडा सारख्या करायचा मोह. मराठी शब्दांना प्रत्यय लागून ते लांब होतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा एकच शब्द अरुंद स्तंभात निम्मी ओळ खातो, मग उरलेले दोन शब्द ताणले जातात आणि पानावर पांढऱ्या भेगा दिसू लागतात. पूर्ण रुंदीच्या ओळीला दोन्ही कडा सारख्या चालतात. दोन स्तंभ केले असतील तर मजकूर डावीकडून सारखा ठेवा आणि उजवी कड मोकळी सोडा. कविता नेहमीच डावीकडून. ओळी मध्यावर आणल्या की कवीने कुठे ओळ तोडली ते डोळ्याला नीट सापडत नाही.

पाचवी पायरी: चौकटी जोडा

टी दाबा आणि समासाच्या आत माउसने चौकट ओढा. ती निवडलेली असताना फाइल, इम्पोर्ट, गेट टेक्स्ट असं जा आणि लेखाची ओडीटी निवडा. सुरुवातीला ‘नुसता मजकूर आण’ हा पर्याय घ्या, म्हणजे वर्डमधला जुना आकार आणि रंग मागोमाग येत नाहीत. यात ठळक केलेले शब्द साधे होतात, ते पेन्सिलीने प्रिंटवर आधी खुणावून ठेवा. मजकूर आला की त्याला स्टाइल लावा.

चौकट भरून मजकूर उरला तर उजव्या खालच्या कोपऱ्यात फुलीचं लहान चिन्ह दिसतं. उरलेला मजकूर कुठे जात नाही, फक्त दिसत नाही. पुढच्या पानावर दुसरी चौकट आखा, पहिली निवडा, एन दाबा आणि दुसरीवर टिचकी मारा. मजकूर तिकडे वाहू लागेल. लेख चार पानांचा असेल तर चार चौकटींची अशी साखळी होते आणि पहिलीत एक ओळ वाढवली की पुढच्या तिन्ही आपोआप सरकतात. दुसऱ्या लेखाची साखळी वेगळी, तिच्यावर काहीच परिणाम होत नाही.

आजींची कविता मी आता एकाच चौकटीत ठेवते, ती कुणालाच जोडत नाही आणि चौकट कुलूपबंद करते. कोपऱ्यात फुली नसेल तर शेवटची ओळ त्याच पानावर आहे, याची खात्री असते.

मजकुरात लहान दुरुस्त्या करायच्या असतील तर ‘स्टोरी एडिटर’ उघडा. तिथे मांडणी दिसत नाही, नुसता मजकूर दिसतो, वर्डमधून आलेल्या माणसाला ते घरच्यासारखं वाटतं.

सहावी पायरी: फोटो

वर्डमध्ये फोटो चिकटवला की तो फाइलच्या पोटात जातो. स्क्रायबस फोटो पोटात घेत नाही, तो कुठे ठेवला आहे तेवढं लक्षात ठेवतं. म्हणूनच मघाचं फोल्डर हलवायचं नाही. फोटोचं नाव बदललंत किंवा फक्त मांडणीची फाइल पेनड्राइव्हवर नेलीत तर दुसऱ्या संगणकावर रिकाम्या चौकटी दिसतील. न्यायचंच असेल तर फाइल मेन्यूतला ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरा. मांडणी, फोटो आणि सांगितलंत तर फॉन्टही एका ठिकाणी गोळा होतात.

फोटोंची खरी अडचण दर्जाची असते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा. फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये पाहा आणि ३०० ने भागा. १२८० पिक्सेल रुंद फोटो सव्वाचार इंच, म्हणजे १०.८ सेंटिमीटर रुंद छापता येतो, ए५ पानावर तो जेमतेम मजकुराच्या रुंदीइतका होतो. ६०० पिक्सेलचा दोनच इंच. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, म्हणून लोकांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा ईमेलने मागवा. दिवंगत सभासदांचे जुने फोटो असतील तर मोबाइलने फोटोचा फोटो न काढता स्कॅनरवर इंचाला ६०० पिक्सेलवर स्कॅन करून घ्या. त्या घरात तो बहुधा एकमेव फोटो असतो, छापील अंकातून तो पुढची पन्नास वर्षं राहणार आहे.

काही लेखक फोटो वर्डच्या फाइलमध्येच चिकटवून पाठवतात. ती फाइल डॉकएक्स (.docx) असेल तर तिची एक प्रत करून नावाचं शेपूट झिप असं बदला आणि उघडा. आत ‘वर्ड’ आणि त्यात ‘मीडिया’ फोल्डरमध्ये सगळे फोटो सुटे सापडतात. वर्ड साठवताना फोटो लहान करतो, तेव्हा मूळ फोटो मिळाला तर तोच घ्या.

स्क्रायबसमध्ये आय दाबून चौकट आखा, फोटो आणा आणि चौकटीला साजेसा करताना प्रमाण कायम ठेवा. जागा भरायला माणसांचे चेहरे ताणू नका. आधी सगळे फोटो ‘फोटो’ फोल्डरात आणून मगच मांडणीत घ्या, थेट डाउनलोड्समधून नाही.

सातवी पायरी: पीडीएफ

पीडीएफ काढायला गेलात की स्क्रायबस आधी ‘प्रीफ्लाइट’ तपासणी करतं. मजकूर उरलाय, फोटो सापडत नाही, फोटोचा दर्जा कमी आहे, असे दोष पानासकट दाखवतं. सूचनेवर टिचकी मारली की त्या जागी नेतं. ‘दुर्लक्ष करा’ हे बटण सापडेल, पण उरलेल्या मजकुराच्या बाबतीत ते कधीच दाबू नका.

रंगांच्या ठिकाणी आतली पानं एकरंगी असतील तर ‘ग्रेस्केल’, चाररंगी असतील तर ‘प्रिंटर’ निवडा. मजकुराला स्क्रायबसच्या रंगयादीतला ‘ब्लॅक’ द्या. तो एकट्या काळ्या शाईचा असतो. ब्लीड आणि क्रॉप मार्क (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या रेघा) हे दोन्ही पर्याय चालू करा. फॉन्ट पीडीएफमध्ये घ्या. छापखान्याने ‘कर्व्ह करून द्या’ म्हटलं तर फॉन्टच्या यादीत ‘आउटलाइन’ निवडा, अक्षरांचे आकार होतील आणि फॉन्ट नसल्याचा प्रश्नच उरणार नाही. पीडीएफ एक्स (छपाईसाठीचा पीडीएफचा खास प्रकार) मागितली असेल तर आधी कलर मॅनेजमेंट चालू करावं लागतं. पानं एकेक, ओळीने द्या. कोणतं पान कोणत्या पानाशेजारी छापायचं, ती जुळणी छापखाना करतो. तुम्ही जोडपानं करून दिलीत तर त्यांना ती पुन्हा सोडवावी लागतात.

आठवी पायरी: प्रूफ

पीडीएफ घरी छापा, आकार शंभर टक्के ठेवून. पडद्यावर ११ पॉइंटचं अक्षर मोठं वाटतं, कागदावर खरं कळतं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला, त्यांच्या नेहमीच्या चष्म्याने, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून एक पान वाचायला द्या. त्यांनी कागद लांब धरला तर अक्षर १२ करा.

मग डमी आणि प्रिंट शेजारी ठेवून पानागणिक पाहा: अनुक्रमणिकेतले पृष्ठांक, लेखकांची नावं, फोटोओळीतल्या नावांचा क्रम, जाहिरातदारांचे फोन क्रमांक. लेख एका माणसाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने डोळ्याने पाहावा. मथळे शेवटी वेगळे वाचा, मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

छापखान्याचं प्रूफ आल्यावर तीच तपासणी पुन्हा करा आणि प्रत्येक पानावर सही करून द्या. अंक छापून आला की स्क्रायबसची फाइल ‘सेव्ह अ‍ॅज टेम्पलेट’ने साठवा. मास्टर पेज, समास आणि स्टाइल तशाच राहतात, पुढच्या वर्षी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. जुन्या अंकाचं अख्खं फोल्डर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातलं एक वाचनालयाच्या कपाटात.